माळवद आणि चंद्रावरचे घर

औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराला माळवद होते. लिंबाचे जाड खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर ओळीने मांडलेल्या किलच्या, किलच्यांवर पाला आणि त्याच्यावर हातभर जाडीचा पांढऱ्या मातीचा थर, अशी त्या छताची रचना होती. मिरगाच्या आधी दरवर्षी त्यावर नवी माती पडे आणि ती धुमसाने चोपून बसवली जाई. मे महिन्यात बाहेर ऊन भाजून काढत असताना आजी आम्हा मुलांना माजघरात निजवायची आणि तिथे पंख्याशिवाय झोप लागायची. छतात एक साणे होते, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले भोक. त्यातून उतरलेला कवडसा मावळतीकडच्या भिंतीवरून जमिनीवर आणि दुपारनंतर उगवतीकडच्या भिंतीवर चढत असे, आणि आजी त्यावरून चुलीची वेळ ठरवायची.

या घराची आठवण मला २०१३ साली अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. लंडनच्या फॉस्टर आणि पार्टनर्स या वास्तुसंस्थेने युरोपीय अंतराळ संस्थेबरोबर चंद्रावरच्या वसाहतीचा एक आराखडा त्या वर्षी मांडला होता. चार माणसांना राहता येईल असा हवा भरून फुगवायचा घुमट, आणि त्यावर यंत्रमानवांनी चंद्राचीच माती थरावर थर छापून उभारलेले जाड कवच. त्या कवचाची आतली रचना पक्ष्याच्या हाडासारखी पोकळ-भरीव होती आणि नमुना म्हणून दीड टन वजनाचा एक ठोकळा पृथ्वीवर प्रत्यक्ष छापूनही पाहिला गेला होता. चित्रातले अंतराळवीर आणि काळे आकाश बाजूला ठेवून मी त्या इमारतीचा उभा छेद पाहिला, तेव्हा मला दिसले ते डोक्यावर मातीचा जाड थर असलेले एक माळवदी घर. तेव्हापासून अंतराळातल्या घरांचे आराखडे जमवून अभ्यासण्याचा मला छंद जडला आहे, आणि दहा-बारा वर्षांनंतर माझे असे मत झाले आहे की या क्षेत्रातल्या स्वप्नांची खरी पारख त्यांच्या आकारावरून होत नाही. ती माती, वजन, हवा आणि उजेड यांच्या हिशेबावरून होते.

चंद्रावर मातीचा थर का हवा, याचे उत्तर आपल्याच चांद्रयान-३ ने फार सुंदर दिले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम उतरल्यानंतर त्यावरच्या चास्ते या उपकरणाची सुई मातीत घुसली, आणि इस्रोने काही दिवसांत प्रसिद्ध केलेल्या आलेखात पृष्ठभागावर ५० अंशांच्या आसपास असलेले तापमान अवघ्या ८ सेंटीमीटर खोलीवर उणे १० अंशांपर्यंत उतरलेले दिसले. चार बोटांच्या अंतरात साठ अंशांचा फरक! हवा नसल्यामुळे तिथली भुकटीसारखी माती उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. त्याखेरीज तिथे वातावरण नाही आणि पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्रही नाही, त्यामुळे सूर्याकडून आणि दूरच्या आकाशातून येणारे प्राणघातक किरण आणि बारीक उल्का थेट जमिनीवर येतात. या सगळ्यांवर स्वस्त आणि हाताशी असलेला उपाय एकच, तो म्हणजे दोन-तीन मीटर माती अंगावर घेणे.

परंतु माती अंगावर घेणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला कोणी सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडांखाली आणि मातीखाली गेली. गोल दगड चिखलात रचून केलेल्या त्या रुंद भिंतींना आरपार जाणारे लांब दगड नव्हते. हादऱ्याबरोबर भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि ज्या छतांचा भार थेट भिंतींवर होता ती छते पुरती खाली बसली. आमचे गाव किल्लारीपासून दूर होते. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली, पण माळवद लाकडी खांबांवर तोलून धरलेले होते म्हणून ते उभे राहिले आणि आम्ही वाचलो. ज्या मातीने गारवा दिला तीच माती माणसे गाडूही शकते, ही गोष्ट मी पुस्तकात शिकलेलो नाही.

म्हणून चंद्रावरच्या प्रत्येक आराखड्यात मी पहिल्यांदा वजन पाहतो, आणि तिथे एक विलक्षण उलटापालट आहे. तीन मीटर जाडीच्या मातीचा भार पृथ्वीवर प्रत्येक चौरस मीटरला पाच टनांच्या जवळ जाईल, तर चंद्राचे गुरुत्व एक षष्ठांश असल्यामुळे तिथे तो एक टनही भरणार नाही. उलट घराच्या आत आपल्या सवयीची हवा भरली, तर ती छताला आणि भिंतींना प्रत्येक चौरस मीटरमागे दहा टनांच्या जोराने बाहेर ढकलणार, कारण बाहेर तिला अडवणारी हवाच नाही. निव्वळ मातीच्या वजनाने हा दाब तोलायचा म्हटले तर सुमारे चाळीस मीटर जाडीचा थर लागेल. पृथ्वीवरच्या गवंड्याला घर कोसळण्याची भीती असते, चंद्रावरच्या गवंड्याला घर फुटण्याची. त्यामुळे ताण झेलण्याचे काम आतल्या भक्कम फुगीर कापडाने करायचे आणि किरण अडवण्याचे काम बाहेरच्या मातीने, अशी विभागणी करावी लागते. २०१३ च्या त्या आराखड्यात घुमटाचे आणि कवचाचे काम असे वेगवेगळे ठेवले आहे, आणि तो मला पटण्याचे कारण हेच आहे.

सगळीच स्वप्ने असा हिशेब मागत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात जेरार्ड ओनील या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने एक अभ्यास झाला आणि त्यातून दहा हजार माणसांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, मिनिटाला एक फेरा घेणारे कड्याच्या आकाराचे गाव आखले गेले. फिरण्यामुळे आतल्या माणसांना पृथ्वीइतकेच वजन जाणवेल, ही त्यातली मूळ कल्पना गणिताने पक्की आहे. त्याची रंगीत चित्रे आजही मन मोहून टाकतात: वर वळत जाणारी जमीन, झाडी, पाणी, पायऱ्यापायऱ्यांची घरे. मला त्यांत खटकते ते एवढेच, की त्या चित्रांत सुखवस्तू अमेरिकी उपनगरातले जीवन जसेच्या तसे उचलून कड्यात बसवले आहे. नव्या जागी माणूस नव्या रीतीने राहील, ही शक्यता चित्रकारांच्या कुंचल्याला सुचलेली दिसत नाही.

याच्या उलट टोकाचे काम सोव्हिएत रशियातल्या गालिना बालाशोवा या वास्तुविशारद बाईंचे आहे, आणि माझ्या मते अंतराळ वास्तुकलेत त्यांच्याइतका मोठा विचार फार थोड्यांनी केला. १९६० च्या दशकात सोयुझ यानाच्या आतल्या खोलीची रचना त्यांच्याकडे आली. पुढे मीर स्थानकापर्यंत त्यांनी हे काम केले. वजनरहित अवस्थेत जमीन आणि छत असा भेदच उरत नाही. बाईंनी रंग वापरून तो भेद परत आणला: खालची बाजू गडद, वरची फिकट, म्हणजे तरंगणाऱ्या माणसाच्या मनाला टेकायला एक जमीन मिळाली. सोयुझच्या खोलीत लावायला त्यांनी स्वतः निसर्गचित्रे रंगवून दिली होती. काही चौरस मीटरांच्या डब्यात त्यांनी घरपण कुठून येते याचा शोध घेतला. आमच्या माजघरात चुलीपासून वरपर्यंत धुराने काळे होत गेलेले छत आणि शेणाने सारवलेली उजळ जमीन असे. तिथे रंगांचा क्रम उलटा होता, पण वर कुठे आणि खाली कुठे हे अंधारातही कळत असे.

नादर खलिली या इराणमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदांची गोष्ट मात्र मला आमच्या भागाशी थेट जोडावीशी वाटते. इराणच्या वाळवंटातल्या मातीच्या घरांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने १९८४ साली नासाच्या परिसंवादात चंद्रावर तिथल्याच मातीची घरे बांधण्याची कल्पना मांडली. लांबच लांब पिशव्यांत माती भरायची, त्या गोलाकार वेटोळ्यांनी रचत घुमट करायचा आणि थर सरकू नयेत म्हणून दोन थरांमध्ये काटेरी तार घालायची, ही त्यांची पद्धत पुढे पृथ्वीवरच कामी आली. कॅलिफोर्नियातल्या हेस्पेरिया गावी तिच्या भूकंपाच्या कसोट्या झाल्या, आखाती युद्धानंतर इराणमध्ये निर्वासितांसाठी तशी घरे उभी राहिली आणि २००४ साली तिला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. चंद्रासाठी केलेला विचार बेघर माणसाच्या उपयोगी पडला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण घुमट म्हटला की माझा आनंद थोडा अडखळतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात काही ठिकाणी घुमटाकार घरेही बांधली गेली. भूकंपाच्या दृष्टीने आकार चांगला, साहित्य कमी, आणि दिसायला तर थेट भविष्यकाळातला. विद्यार्थी असताना मी अशा एका वस्तीत दोन दिवस राहिलो. वळलेल्या भिंतीला धान्याची कणगी लागत नव्हती, कपाट टेकत नव्हते, छतावर ज्वारी आणि मिरच्या वाळवता येत नव्हत्या, आणि उन्हाळ्यात अंथरूण घेऊन वर जाण्याची सोय तर गेलीच होती. घराघरापुढे लोकांनी पत्र्याचे सपाट छप्पर ओढले होते आणि त्यांचा दिवस त्या छपराखाली जात होता. यात घुमटाचा दोष नाही. आराखडा करणाऱ्याने राहणाऱ्याला विचारले नव्हते, इतकेच. चंद्रावर जाणाऱ्या चौघांनाही कोणी तरी विचारायला हवे की त्यांची मिरची कुठे वाळणार आहे.

मराठवाड्याचा दुसरा धडा वेरूळचा. अंतराळात प्रत्येक किलो साहित्य नेण्याला प्रचंड खर्च येतो, म्हणून काही आरेखक आता बांधण्याऐवजी आयत्या पोकळीत शिरण्याचा विचार करतात. चंद्रावरच्या काळ्या पठारांखाली लाव्ह्याच्या प्रवाहाने तयार झालेल्या बोगद्यांच्या खुणा सापडल्या आहेत. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांतही सुमारे १.७ किलोमीटर लांबीचा असा एक न कोसळलेला भाग ओळखला गेला. ती पठारे बेसाल्टची आहेत, आणि आपले पठारही बेसाल्टचेच आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कारागिरांनी त्याच कातळात वरून खाली उतरत कैलास लेणे कोरले. त्या कामाला दगड आणावा लागला नाही, फक्त नको तो काढून न्यावा लागला. कैलासाच्या प्रांगणात उभे राहून वर पाहिले की तिन्ही बाजूंनी कातळ आणि मध्ये आकाशाचा तुकडा दिसतो. मला चंद्रावरच्या गुहेच्या तोंडाशी असेच दिसेल असे वाटते, फक्त आकाश भरदिवसाही काळे असेल.

आत शिरलेल्या माणसाच्या श्वासाचा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बायोस्फिअर-२ या बंद काचघरात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. आतला प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळून घसरत साडेचौदा टक्क्यांवर आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. सुपीक मातीतल्या जिवाणूंनी तो वापरला आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी उघड्या काँक्रीटने शोषून घेतला. काँक्रीटही हवा खाते, हे बांधकामवाल्यांना माहीत असते, पण ते कोणाच्या हिशेबात धरले गेले नव्हते.

गेल्या वर्षी हे सगळे कागद मी आमच्या गावाकडच्या एका वृद्ध मिस्त्रींना दाखवले. माळवदे बांधणाऱ्या शेवटच्या हातांपैकी ते एक आहेत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर २०२० साली चंद्राच्या मातीसारख्या भुकटीत जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक घालून विटा केल्या, हे ऐकून त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालणाऱ्यांना गवारीचे काय नवल? मग त्यांनी छेद जवळ ओढून विचारले, "पावसाचं पाणी कुठून काढणार?" तिथे पाऊस नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग दर साली माती टाकायची गरज नाही. बरं झालं. पण साणं कुठंय?"

मी त्यांना चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या घराची अडचण सांगितली. तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही, क्षितिजाला धरून गोल फिरतो, आणि छताला सरळ भोक ठेवले तर उजेड येणार नाही, पण वरून येणारे घातक किरण मात्र येतील. मामांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. छताऐवजी भिंतीत, वरच्या अंगाला, त्यांनी एक झरोका काढला, तो सरळ आत न आणता मध्येच काटकोनात वळवला आणि त्या वळणावर बोट ठेवून म्हणाले, "इथं आरसा लावा."