उडवा ना जरा!

पैसे वाचवायला गेलो आणि सकाळ घालवून बसलो. उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा मी एकटाच. अख्ख्या बोटीचं भाडं जिवावर आलं, म्हणून पुण्याच्याच एका कुटुंबाबरोबर बोट वाटून घेतली. नवरा, बायको, दोन पोरं आणि शेवेचं भलंमोठं पुडकं.

भिगवणचे पक्षी म्हणतात ते हेच, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर.

पाणी हिरवंगार होतं, शेवाळाच्या सायीसारखं. "बाबा, कसला वास येतोय?" धाकट्यानं विचारलं. "धरण आहे ना, मासे असतात," बाबांनी निकाल लावला. मासे कसले! मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि भीमा ते इथं आणून साठवते. त्यात आमच्या मोरीचंही आलंच, म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

मग शेव सुटली. पांढरेशुभ्र कुरव कलकलाट करत बोटीमागे लागले. हिमालयापलीकडून एवढं अंतर तोडून यायचं आणि इथं तिखट शेव खायची! बाई म्हणाल्या, "किती माणसाळलेत, नाही?"

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले तसं नावाड्यानं लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूनं बोट रेटायला लागला. दोनेकशे तरी असतील. मान खाली सोडून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. एक जण जागच्या जागी पाय नाचवत स्वतःभोवती फिरत होता, तळाचा गाळ ढवळून वर आणत. अधूनमधून बदकांसारखी घोगरी कुजबुज. लांबून गुलाबी म्हणावेत, तर जवळून बरेचसे मळकट पांढरेच.

"दादा, उडवा ना जरा! उडताना मस्त फोटो येतो," बाबा म्हणाले.

नावाडी हसला. "नको सायेब. उठली की लांब जात्यात, दुपारपातुर परत येत न्हाईत."

"अहो, एवढ्या लांबून आलोय. वरचे दोनशे घ्या."

नावाडी माझ्याकडे बघत होता. मी नको म्हणायला हवं होतं, पण मी कॅमेऱ्याची पट्टी नीट करत बसलो. त्यानं इंजिनाची दोरी ओढली.

आधी सगळ्या माना एकदम वर झाल्या. मग ते चालायला लागले, मग पळायला. रोहिताला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावर धावावं लागतं. पायांची फटफट, पाण्याचे तुषार, आणि मग पंख उघडले. लालभडक, काळ्या कडांचे. अग्निपंख का म्हणतात ते तेव्हाच कळतं. मिटलेल्या पंखांत तो लाल रंग जेमतेम दिसतो. माझं बोट बटणावरून उठलं नाही. त्रेपन्न फोटो.

मिनिटभरात सगळं रिकामं. उथळ पाण्यात गढूळ ढग तेवढे उरले. थोरली म्हणाली, "आता ते नाश्ता कुठे करणार?" कुणीच उत्तर दिलं नाही.

परतताना नावाड्यानं एकही पक्षी दाखवला नाही. मीच एक मोरघार ओळखून सांगितली, उगाच.

दुपारी त्याच्याच घरी जेवलो. चिलापीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, रस्सा झणझणीत आणि झकास. वाढता वाढता त्याची आई म्हणाली, "आदी वाम, मरळ घावायची. आता जाळ्यात निस्ती चिलापी." चिलापी मूळची आफ्रिकेची. आपल्याच लोकांनी इकडं आणली आणि तिनं देशी माशांना जागाच ठेवली नाही. मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. पळसदेवचं बुडालेलं देऊळ राहूनच गेलं. पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं.

घरी येऊन त्रेपन्नांतला एक फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बहिणीचा लगेच निरोप: "बाई गं! हे असे एकदम कसे उडाले?"

"नशीब लागतं," असं लिहून पाठवलं.