अपशिंगे मिलिटरी आणि आमच्या घराची किल्ली

स्वारगेटहून पहाटेची एसटी, खंबाटकीत एक डुलकी, सातारा स्टँडवर एक वाईट चहा. प्रवास म्हणाल तर एवढाच. पुढच्या अठरा-वीस किलोमीटरना मात्र तास-सव्वा तास गेला. फेब्रुवारी महिना, कारखाने चालू, आणि आमच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, वर छपराएवढे स्पीकर. ओव्हरटेक करायला ड्रायव्हर धजेना, आणि ती गाणी ऐकून मला पुढे जावंसं वाटेना.

"अपशिंगे," म्हणालो, तर कंडक्टर म्हणाला, "मिलिटरी ना?" हे गावाचं आडनावच आहे. घरटी एक तरी माणूस फौजेत. गावात दगडी स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी उभारलेलं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. कूतच्या वेढ्यात १९१६ च्या एप्रिलपर्यंत उपाशी लढल्या. त्या स्मारकापुढे मी दोन मिनिटं उभा राहिलो, फोटो काढला आणि पत्ता विचारला. खरं सांगायचं तर मी स्मारक बघायला आलोच नव्हतो. काकांच्या वर्षश्राद्धाला आलो होतो.

काका म्हणजे आमच्या सोसायटीतले, खालच्या मजल्यावरचे. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले, मग पुण्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बावीस वर्षं उभे राहिले. दोन मुलींची लग्नं केली, धाकट्या भावाचं शिक्षण केलं. आणि उरलेल्या वेळात आमच्या सोळा बिऱ्हाडांची कामं. पहाटे साडेचारला पंपाचं बटण दाबणारे तेच आणि टाकी भरल्यावर बंद करणारेही तेच. कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणं, सगळं त्यांच्याकडे. मिलिटरी कॅन्टीनच्या कार्डावर मिक्सर, बिस्किटं, साबण आणून द्यायचे. रमसाठी मात्र लोकांनी कितीही लाडीगोडी लावली तरी एकच उत्तर: "सही माझी, तर बाटलीपण माझी." स्वतः थेंबही घेत नसत. बाटल्यांचं काय करायचे, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणत होते. आधी मी दचकलो. मग कळलं की साताऱ्याकडे पेन्शनीत आलेल्या प्रत्येक फौजीला मेजरच म्हणतात. मांडवात त्या दिवशी निदान वीस मेजर होते.

आणि मग भाषण. कुणीतरी पुढारी आले, दीड तास उशिरा. तोवर पोरं उन्हात, पंगत खोळंबलेली, कटाच्या आमटीचा वास नाकात. साहेबांनी माइक हातात घेतला आणि चाळीस मिनिटं सोडला नाही. काकांना त्यांनी 'कारगिलचा वाघ' करून टाकलं. अहो, कारगिल १९९९ चं! काका १९८६ लाच घरी आले होते. मी उठून सांगणार होतो, पण शेजारच्या पांढऱ्या मिशांच्या मेजरांनी गुडघ्यावर हात ठेवला. "बोलू द्या वं. बॅटरी संपली की बसंल."

काकांची लढाई १९७१ ची, बांगलादेशातली. १ मराठा, जंगी पलटण, जमालपूर. भारतीय ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर तिथल्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या अधिकाऱ्यानं उत्तराच्या कागदाबरोबर बंदुकीची गोळी पाठवली, हा किस्सा पुष्कळांना ठाऊक आहे. मी एकदा गच्चीवर टाकी धुताना काकांना विचारलं होतं. म्हणाले, "तो कागद साहेब लोकांनी बघितला. आम्ही खड्डे खणत हुतो." आणि ब्रश मारत राहिले. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूची फळी फोडून निघालेली तुकडी याच पलटणीवर आदळली, हे मी नंतर वाचलं. १६ तारखेला पलटण ढाक्यात होती. त्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की, बूट काढले तेव्हा मोजे कातडीला चिकटले होते.

पंगत झाली. पाहुणचाराबद्दल माझी तक्रार आहे, ती नोंदवतो: पाचवी पुरणपोळी हा अत्याचार असतो. नको म्हटलं की वर तूप येतं.

निघताना काकूंनी आतल्या खोलीत बोलावलं. कॉटखालून काळी ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर. आत इस्त्रीचा कोट, पदकांची पेटी, आणि बिस्किटांच्या डब्यात किल्ल्यांचा जुडगा. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येकीला सुतळीनं बांधलेले, त्यावर बॉलपेननं ब-४, ब-७, अ-२. गावाला जाताना आम्ही ज्या किल्ल्या त्यांच्याकडे टाकायचो, त्या.

"खोली सोडली तवा सामानात आल्या. वरीसभर जिवाला घोर लागलाय," काकू म्हणाल्या. "लोकांच्या चाव्या हायत. न्या बाबा."

मी ब-७ शोधली. ती आमची. पण ते कुलूप आम्ही २०१९ मध्ये बदललं होतं. लॅच बसवलं, त्याची किल्ली काकांना द्यायची राहूनच गेली. मुद्दाम नाही. म्हणजे, बायको म्हणाली होती, आता कशाला.

"तुमचं ते पाणी व्हात हुतं नव्हं," काकू सांगत होत्या, "तुमी केरळला गेल्तात तवा. ह्यांनी लई टायम चावी लावून बघितली. लागंना. मग वर गच्चीत जाऊन कॉक बंद केला. गुडघा दुखत हुता तरी."

केरळहून परतल्यावर पाणी वेळेत बंद केलं म्हणून मी वॉचमनला शंभर रुपये दिले होते. त्यानं घेतले. काका तेव्हा पंपाजवळच उभे होते. मला म्हणाले, "कशी झाली ट्रिप?"

"ही तुमचीच नव्हं?" काकूंनी विचारलं.

"हो," म्हटलं, आणि किल्ली वरच्या खिशात ठेवली. बाकीच्या अकरा पिशवीत घातल्या. परतीच्या एसटीत खड्डा आला की त्या वाजायच्या.