आजीचं गोंदण आणि राणीची रांग

एलिझाबेथ राणीच्या शवपेटीचं दर्शन घेऊन लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमधून बाहेर येऊन फोन सुरू केला तेव्हा इथे पहाटेचे पावणेपाच वाजले होते, म्हणजे पुण्यात सव्वानऊ. आईचे सात मेसेज. 'दिसलीस!' 'निळा कोट ना?' 'नमस्कार धड केला नाहीस.' सोबत एक स्क्रीनशॉट, त्यात मी नखाएवढी. बीबीसीचं थेट प्रक्षेपण लावून ती कसब्यातल्या घरी माझी वाट बघत बसली होती. "पोह्यांखालचा गॅस बंद केला, म्हटलं नेमकी तेवढ्यात जायचीस."

राणी गेली 8 सप्टेंबर 2022 ला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशी. कोरोनाची दोन वर्षं सुनी गेल्यावर त्या वर्षी मिरवणूक निघाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपेना. आईच्या टीव्हीवर एका वाहिनीवर लक्ष्मी रोड, दुसरीवर लंडन. रिमोट कुणाच्या हातात यावरून घरात वाद झाले म्हणे. (कोहिनूर मागून आण, हा विनोद मला एकूण अकरा जणांनी पाठवला. सगळे नातेवाईक.)

मी का गेले? माझी खोली बर्मंडसीत. 15 तारखेला, गुरुवारी लॅबमधून येताना रांगच दारात आली होती. टेम्सच्या काठाने पार साउथवर्क पार्ककडे पसरलेली. शेपूट कुठवर गेलंय हे यूट्यूबवर लाइव्ह दाखवत होते. संध्याकाळी सहाला मनगटाला पट्टा बांधून घेतला आणि शिरले. पुढे लिव्हरपूलहून आलेल्या दोन बहिणी, मागे एक निवृत्त पोस्टमन. दहा तासांत आमचं अगदी गणपतीच्या दर्शनरांगेसारखं झालं. बाथरूमला जाणाऱ्याची जागा धरायची, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ते ऐकायचं. तपासणीच्या आधी खाण्याचं सगळं टाकून द्यावं लागतं, म्हणून माझा शंकरपाळ्यांचा डबा आम्ही चौघांनी रात्री तीनला उभ्याउभ्या संपवला.

आत फोन बंद. फोटो नाही, बोलणं नाही. दीड दिवस ज्या दृश्याने टीव्ही भरून गेला होता त्याच्या आत उभं राहून पाहिलं, तर सगळ्यात आधी जाणवते ती थंडी आणि दगडी फरशीवरचे बुटांचे आवाज. नशिबाने मला पहारा बदलताना सापडला. काठीचे दोन ठोके पडले, रांग थांबली, नवे शिपाई आले, जुने गेले. दर वीस मिनिटांनी हे चालू, रात्रंदिवस. मधे शवपेटी आहे तिथेच.

आता लॅबचं थोडं सांगते, कारण ते ठोके ऐकताना माझ्या डोक्यात लॅबच होती.

मी मॅक्रोफेजवर काम करते. मराठीत भक्षक पेशी. शरीरात काही परकं शिरलं की त्याला मिठी मारून गिळणाऱ्या. 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला, आणि सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा घोळका. पुढे 1908 चं नोबेल त्याला आणि एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाला मिळून मिळालं. जंतू असेल तर या पेशी त्याला पचवतात. पण कण पचणारा नसेल तर? दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाचा कण जातो, पेशी तो गिळते, तो आतल्या आत तिची पाचक पिशवी फाडतो, पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी धावते आणि तिचंही तेच. त्या आगीतून फुप्फुस हळूहळू कडक होत जातं.

काजळीचं मात्र तसं नाही. काजळी पचत नाही आणि फारसा त्रासही देत नाही. म्हणून काजळीच्या शाईने काढलेलं गोंदण राहतं. पूर्वी वाटायचं की शाईचे कण पोटात घेऊन तीच पेशी जन्मभर बसून राहते. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवलं आणि कातडीतल्या त्या सगळ्या पेशी मारून टाकल्या. गोंदण जसंच्या तसं. मेलेल्या पेशीतून शाई सांडली आणि नव्याने आलेल्या पेशींनी ती जागच्या जागी उचलली.

माझ्या आजीच्या कपाळावर आणि डाव्या मनगटावर गोंदण होतं. भोरकडची ती. सात-आठ वर्षांची असताना वैदूच्या बाईने काढलेलं. "दागिने इथंच ऱ्हातात, ह्येच तेवढं संगट येतं," म्हणायची. त्या हिरवट तुळशीवृंदावनाच्या रेघा थोड्या फुगल्या होत्या, बाकी ऐंशी वर्षं हललं नव्हतं. किती पेशींनी ते पुढच्या पेशींच्या हाती दिलं असेल!

राणीच्या अंत्यविधीत मला सगळ्यात आवडलेली गोष्टही अशीच हातोहात आलेली आहे. 142 नौसैनिक दोर धरून शवपेटीचा तोफगाडा ओढतात ना, त्यात मुळात काही प्राचीन वगैरे नाही. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या वेळी विंडसरला घोड्यांचा साज तुटला, म्हणून ऐनवेळी नौसैनिकांना जुंपलं. गडबडीत झालेली तडजोड. पुढच्या राजाच्या वेळी मुद्दाम केली आणि झाली परंपरा. कॅमेऱ्याला तर ती फारच मानवली.

आपण तरी वेगळं काय करतो? जानेवारी 2011 मध्ये पंडित भीमसेन जोशी गेले, वैकुंठात शासकीय इतमामात निरोप झाला. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तरी आम्ही टीव्हीसमोरच बसलो होतो, आणि बंदुकांची सलामी झाली तेव्हा आजीने टीव्हीलाच हात जोडले.

आजी गेली मे 2021 मध्ये. वयाने गेली, कोरोनाने नाही, पण दिवस तेच. ब्रिटनने 23 एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकलं होतं, म्हणजे तिकडून परत येणं अवघड. मी गेले नाही. आतेभावाने, दादाने, व्हिडिओ कॉल लावला. माणसं मोजकी, त्यामुळे खांदा बदलायलाही माणूस कमी पडत होता. "एक मिनिट हं," असं म्हणून त्याने फोन काकांकडे दिला, काकांनी आणखी कुणाला. मला कधी आभाळ दिसलं, कधी चपला, एकदा तिचं कपाळ. हळदकुंकवाखाली ते ठिपके दिसले की नाही, खात्रीने सांगता येत नाही.

सोमवारी, 19 तारखेला, इथे सुट्टी होती. आईने आणि मी फोन स्पीकरवर टाकून दिवसभर एकत्र पाहिलं. विंडसरला शेवटी एका मानकऱ्याने हातातली पांढरी काठी मोडून शवपेटीवर ठेवली.

"मुद्दाम मोडली?"

"हो. सेवा संपली म्हणून."

"म्हणजे मडकं फोडल्यासारखंच की." मग जरा थांबून, "आजीच्या वेळी तुला दिसलं होतं का गं? आम्ही बायका घरीच होतो."

"नाही. तेव्हा फोन दादाच्या खिशात होता. फुटल्याचा आवाज आला फक्त."