नाचणी सत्त्वाची नोंद: चोथ्यात जाणारं कॅल्शियम

कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार) असलेल्या माणसाला सोसेल इतकं मऊ सत्त्व करायचं, पण हाडांना लागणारं कॅल्शियम चोथ्याबरोबर टाकून द्यायचं नाही, यावर सध्या काम चालू आहे. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः टरफलात असतं. त्यामुळे सत्त्व जितकं गोरं, तितकं त्यात कॅल्शियम कमी. विकतच्या पांढुरक्या सत्त्वात बहुतेक स्टार्चच असतो.

मोड: 500 ग्रॅम नाचणी निवडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. 12 तास भिजवली, मध्ये एकदा पाणी बदललं. निथळून ओल्या पंच्यात सैल बांधली. उन्हाळ्यात 24 तास पुरतात, थंडीत 36 ते 48 लागतात. मोडामुळे फायटेट घटतं. हे फायटेट कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं. मोड 2-3 मिलिमीटरचे झाले की थांबावं. त्यापुढे स्टार्च तोडणारं अमायलेज वाढतं आणि खीर कितीही आटवली तरी पातळच राहते. पुरचुंडी घट्ट बांधली की मधला गोळा तापून आंबतो. आंबूस वास किंवा बुरशीचा एखादा जरी धागा दिसला, तर सगळी नाचणी टाकावी. अझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याच्या बाबतीत इथे काटकसर नको.

अख्खं पीठ: मोड सावलीत कडकडीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळले. रंग गडद, चव सगळ्यांत चांगली. आजार शांत असेल आणि आतडं कुठे अरुंद झालेलं नसेल, तर हेच घ्यावं.

वस्त्रगाळ: तेच पीठ मलमलीतून चाळलं. कोंडा वर राहतो, आणि कॅल्शियमचा मोठा वाटाही त्याच्यासोबत.

ओलं सत्त्व: मोड पाण्यात वाटून फडक्यातून पिळले, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतलं, खालचा साका वाळवला. पोटाला हेच सर्वांत हलकं. जुलाब चालू असताना ऊर्जा म्हणून उपयोगी, हाडांसाठी मात्र यावर विसंबू नये.

आता हिशेब. 100 ग्रॅम अख्ख्या नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे 30 ग्रॅमच्या वाटीभर खिरीत जेमतेम 105. प्रौढाची रोजची गरज 1000. तीच खीर 200 मिलि गाईच्या दुधात शिजवली तर आणखी सव्वादोनशेच्या आसपास मिळतात. दूध सोसत नसेल तर खीर पाण्यात शिजवून, कोमट झाल्यावर दही घालावं. उकळत्या खिरीत दही फाटतं. पातळ ताकाला दह्याइतकं मोजू नये. आजार आहे म्हणून दूध-दही सरसकट बंद करणं हाडांना फार महाग पडतं.

उरलेलं गोळीतून भरून काढायचं असेल तर ते डॉक्टरांशी बोलूनच. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

खिरीच्या आवाक्याबाहेरचंही स्पष्ट लिहायला हवं. आतड्याची सूज पेटलेली असेल तर त्या सुजेतली रसायनंच हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने हाड सर्वांत वेगाने घटतं ते पहिल्या काही महिन्यांत. स्टेरॉइड तीन महिने चाललं किंवा पुन्हा पुन्हा द्यावं लागलं, तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारावं. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांचा आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांचा अहवाल झेड-स्कोअरवर (आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना) वाचतात, टी-स्कोअरवर (तरुण निरोगी प्रौढांशी तुलना) नाही.

पुढच्या खेपेला मलमल बाजूला ठेवून पीठ दोनदा दळायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचं आहे. वर राहिलेला कोंडा वजन करून, पुन्हा दळून त्यातच मिसळायचा. खीर घशाला खरखरीत लागते का, एवढंच मग पाहायचं.