पायांवर डोकं ठेवायचंय

2022 च्या गुढीपाडव्याला दोन गोष्टी एकदम झाल्या. सरकारने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले, मास्कपण ऐच्छिक झाला, आणि त्याच दिवशी पंढरपुरात पदस्पर्श दर्शन परत सुरू झालं. पहिल्या बातमीवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर हाणामारी चालू होती (मास्क काढायचा की नाही, लिफ्टमध्ये काय, वगैरे वगैरे, विचारू नका), आणि घरात मात्र फक्त दुसरी बातमी. सासूबाईंनी टीव्ही मोठ्ठा केला, मग गावाकडे फोन, मग माहेरी फोन, आणि प्रत्येकाला तेच, "अगं पाय मोकळे केले देवाचे."

ज्यांनी पंढरपूर केलं नाहीये त्यांना हे कदाचित कळणार नाही. तिथं दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग पटकन सरकते, लांबूनच बघायचं आणि निघायचं. पदस्पर्शाची रांग म्हणजे तासन् तास, आषाढीला तर दिवसच्या दिवस, आणि एवढं उभं राहून शेवटी विठोबाच्या पायावर डोकं टेकतं न टेकतं तोच कोणीतरी खांद्याला धरून पुढे ढकलतं की झालं दर्शन. पण ते टेकणं टेकणं असतं. कोण कुठला, कुठल्या जातीचा, काही कोणी विचारत नाही. 17 मार्च 2020 ला मंदिर बंद झालं, दिवाळी पाडव्याला 16 नोव्हेंबरला उघडलं, दुसरी लाट आली तसं परत बंद, मग 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेला परत उघडलं, पण या सगळ्यात हात लावायचा नाही, तीर्थ नाही, प्रसाद नाही. लांबून नमस्कार. मधल्या काळात मोबाइलवर लाइव्ह दर्शन होतं ते मी रोज सकाळी सासूबाईंना लावून द्यायचे, त्या चष्मा लावून बघायच्या, हात जोडायच्या, आणि एकदा म्हणाल्या, "चांगलं दिसतंय गं, पर नुसतं बघून काय करायचं, पाय कुठं हाताला लागत्यात?"

आता माझं सांगते. मी काही त्यांच्यासारखी नाही. एकादशी खिचडीसाठी करते, हरिपाठ अर्धा येतो, माळ घातलेली नाही. पण या दोन वर्षांत ऑफिसची मीटिंग चालू असायची, कॅमेरा ऑफ, आणि मी दुसऱ्या टॅबमध्ये वारीच्या वाटेचा मॅप उघडून बसलेली असायचे. पुण्यातनं निघायचं, हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. बोटाने झूम करत करत जायचं. दिवे घाटात रस्ता कसा वळतो ते बघायचं, खाली मस्तानी तलाव दिसतो का शोधायचं. कोणी नाव घेतलं की म्यूट काढून "येस येस, आय ॲग्री" म्हणायचं आणि परत लोणंदला. बाकी लोक मालदीवचे फोटो बघत होते म्हणे.

तर मला प्रश्न असा पडायचा की ही नक्की भक्ती आहे की फिरायची खाज. आमच्या अहोंना विचारलं तर ते म्हणाले खाज. त्यांना स्वतःला केदारनाथ करायचंय, 6 मे 2022 ला दार उघडतंय, रोज रात्री गौरीकुंडपासून किती चढ आहे याचे व्हिडिओ बघणं चालू आहे, पण ती मात्र श्रद्धा हं. बरं.

मला वाटतं आपल्याकडे हे दोन वेगळं कधी नव्हतंच. देव घरात पण आहे, देव्हाऱ्यात रोज पूजा होते, मग माणसं अडीचशे किलोमीटर चालत का जातात? जायचं असतं म्हणून. नुसतं पोचायचं असतं तर 2020 ला ते झालंच की, माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीत बसून दशमीला पंढरपुरात पोचल्या. 2021 लाही मानाच्या दहा पालख्या एसटीनेच गेल्या, वाखरीपासून थोडं चालायची परवानगी मिळाली तेवढीच. निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही, तेव्हा काय परिस्थिती होती सगळ्यांना माहितीये, आमच्या गावातले दिंडीतले लोक कोरोनात गेले. पण ती एसटी टीव्हीवर सुसाट जाताना बघून सासूबाई उठून आत गेल्या. वाटेत ना नीरा स्नान, ना चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, ना कोणाच्या दारात घोटभर चहा. लोणंद फलटणच्या लोकांनी वर्षभर वाट बघायची ती कशाची मग.

आणि गंमत बघा, 2022 च्या पाडव्याला सगळं उघडलं तर एसटीच बंद! 2021 च्या दिवाळीच्या आधीपासून संप. चैत्री एकादशीला 12 एप्रिलला जायचं ठरवलेलं आम्ही, गाडी मिळेना, खासगीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर पांडुरंग हितं येईल." कोर्टाने कर्मचाऱ्यांना 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर यायला सांगितलं. त्यांचंही काही कमी हाल नाहीत, त्यामुळे चिडायचं तरी कोणावर. दरम्यान जोतिबाची चैत्र यात्रा झाली, दोन वर्षांनी, माझी कोल्हापूरची मावसबहीण जाऊन आली, तिने व्हिडिओ पाठवलाय. सासनकाठ्या नाचतायत, गुलाल एवढा की माणूस कुठलं आणि दगड कुठला कळत नाही, आणि मागून हिचाच घसा बसलेला आवाज "चांगभलं". मी तो ऑफिसच्या पॅन्ट्रीत हेडफोन लावून बघितला, डोळ्यात पाणी आलं, शेजारचा मुलगा म्हणाला मॅम ऑल ओके? त्याला काय सांगणार गुलाल गेला डोळ्यात.

तर 2022 ची आषाढी 10 जुलैला. आळंदीहून प्रस्थान 21 जूनला. यंदा वारी पायी होणार, पूर्ण. सासूबाईंचे गुडघे बघता त्यांनी अख्खं चालणं शक्य नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना पटलंय. मी मध्यममार्ग काढलाय, त्यांनी दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाबरोबर बसायचं आणि वाखरीला उतरून शेवटचं चालायचं. त्या हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत, गप्प तुळशीला पाणी घालतात. मी स्वतः पुणे ते सासवड एवढा टप्पा तरी करणारच, सगळ्यात लांबचा आहे आणि वर घाट, लोक घाबरवतायत, पण मॅपवर एवढ्या वेळा चढलेय की वळणं पाठ आहेत.

दिंडीप्रमुखांना फोन केला परवा. म्हणाले भिशी (दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी) भरा, ताट-तांब्या आपला आणा, पावसाचं इरलं नको, आता कोण वापरतं, प्लास्टिकचा कागद घ्या मोठा, तंबूत गळतंय. बाकी काय लागेल विचारलं तर म्हणाले काही नाही माउली, पायताण जुनं घाला, नवं चावतं.

ऑफिसमध्ये अजून रजा टाकलेली नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहू तेच ठरत नाहीये, पर्सनल की ट्रॅव्हल.