घसाऱ्यातला ड्रासोडेक्स हीरी : नोंदतक्ता कुठवर आला

ड्रासोडेक्स हीरी हा घसाऱ्यात, म्हणजे डोंगरउतारावर साचलेल्या सुट्या दगडांत, राहणारा कोळी. त्याच्या आल्प्समधल्या नोंदी एका तक्त्यात आणायचं काम बरंच सरकलंय. नाव आणि अक्षांश-रेखांश हे दोन रकाने जवळपास साफ आहेत. उंचीचा रकाना मात्र अजून भरवशाचा नाही.

नावाचा घोळ सोपा होता. पावेसीने 1873 मध्ये या जातीचं वर्णन केलं, ते ड्रासस प्रजातीत (जीनसमध्ये). पुढे बराच काळ ती ड्रासोडीस हीरी म्हणून वावरली. 2007 मध्ये मर्फीने ड्रासोडेक्स ही प्रजाती वेगळी काढली आणि ती तिथे गेली. त्यामुळे नमुन्याच्या एकाच बाटलीची नोंद दोन नावांनी दोनदा सापडते. तारीख, गाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव जुळलं की दुसरी ओळ उडवायची.

स्वित्झर्लंडच्या नोंदींमध्ये खरा त्रास निर्देशांकांचा, म्हणजे जागा दाखवणाऱ्या पूर्व-उत्तर आकड्यांचा. जुन्या पद्धतीत बर्नचा बिंदू 600000/200000 आहे, नव्या पद्धतीत 2600000/1200000. पुढचा 2 आणि 1 काढून टाकला तर उरलेला फरक दोनेक मीटरचा, आपल्या कामाला काहीच नाही. पण दोन पद्धती एकाच रकान्यात मिसळल्या की ठिपके देशाबाहेर उडतात. त्या पद्धतीची एक मेहेरबानी आहे : देशात कुठेही पूर्वेचा आकडा उत्तरेच्या आकड्यापेक्षा मोठाच असतो. म्हणजे आकडे उलटे भरले गेले असतील तर एका साध्या सूत्राने पकडता येतात.

आता उंची. फोनमधली काही अ‍ॅप्स समुद्रसपाटीपासूनची उंची न देता उपग्रहाच्या गणिती पृष्ठभागापासूनची देतात आणि स्वित्झर्लंडमध्ये हा फरक साधारण 50 मीटरचा आहे. तापमानाच्या हिशेबात 50 मीटर म्हणजे जेमतेम 0.3 अंश, पण घसाऱ्याच्या हिशेबात 50 मीटर म्हणजे कधीकधी पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा अख्खा घसारा. उंची नकाशावरूनच घ्यावी आणि रकान्यात ‘नकाशा’ की ‘फोन’ हेही लिहावं.

मुळात नुसती उंची या कोळ्याबद्दल फार थोडं सांगते. आल्प्सच्या उत्तरेकडच्या बाहेरच्या रांगांत वृक्षरेषा 1800-1900 मीटरला संपते, तर आल्प्सच्या आतल्या एंगाडीन किंवा वाले भागात 2200-2300 पर्यंत झाडं चढतात. 2100 मीटर हा आकडा एकीकडे उघडा घसारा, दुसरीकडे लार्च आणि स्टोन पाइनचं रान. हीरी हा वृक्षरेषेच्या वरच्या दगडराशींचा कोळी. त्याला आकड्याशी घेणं नाही, दगडांमधल्या पोकळीशी आहे.

पोकळीचं गणितही सरळ नाही. मोठ्या दगडांच्या उतारात हवा धुराड्यासारखी फिरते. उन्हाळ्यात आतली थंड, जड हवा खाली सरकून पायथ्याशी बाहेर पडते. हिवाळ्यात उलट होतं : पायथ्यातून थंड हवा आत ओढली जाते आणि तुलनेने ऊबदार हवा वरच्या टोकातून निघते. म्हणूनच युरा डोंगरातल्या क्रो दू व्हांला जेमतेम 1200 मीटरवर घसाऱ्याचा पायथा भर उन्हाळ्यात फ्रिजसारखा गार लागतो. एकाच घसाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या नोंदी एका ओळीत कोंबल्या तर तक्ता काहीच बोलत नाही. टोकं वेगळी लिहा.

बर्फाचंही तसंच. अर्धा-पाऊण मीटर थर टिकला की खालची जमीन शून्याच्या आसपास राहते. वाऱ्याने झाडून निघालेली धार त्याहून कमी उंचीवर असूनही हिवाळ्यात कितीतरी जास्त गोठते. अधिवासाचा रकाना ‘अल्पाइन’ एवढाच भरलेला असेल तर तो रिकामाच समजावा. निदान इतकं हवं : ‘दगड 20 ते 40 सेंमी, दोन थर, खाली ओलसर बारीक माती, आग्नेय उतार, बर्फाची पट्टी 15 मीटरवर.’

शोधायला सकाळची वेळ बरी. दगड गार असतात, कोळी सुस्त असतो. ऊन तापलं की दगड उचलताक्षणी तो खालच्या फटीत जातो आणि मग अख्खा उतार उपसला तरी हाती लागत नाही. दगडाची पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली व्हायपर (विषारी साप) असलाच तर त्याची वाट पलीकडे मोकळी राहते. हीरीच्या नॅफोसिडी कुळातले कोळी सावजासाठी जाळं विणत नाहीत. दिवसा रेशमी पिशवीत बसतात. ही पिशवी बहुतेकदा दगडाच्या पोटाला चिकटलेली असते, म्हणून आधी उचललेला दगड बघा, मग जमीन. मादी अंड्यांच्या पुडीवर बसलेली दिसली तर फोटो काढून दगड होता तसा, त्याच खाचेत ठेवायचा. तोंडाने ओढायच्या नळीचा इथे उपयोग नाही, 8 मिमीच्या नळीत एवढा मोठा कोळी पाय मोडून घेतो. 30 मिलीची रुंद तोंडाची बाटली आणि एक जाड कार्ड पुरतं. परवाना मात्र आधी. स्विस नॅशनल पार्कमध्ये तर वाट सोडायलाच बंदी आहे.

चालता कोळी आत पडावा म्हणून जमिनीत पुरायचे पेले गवताळ उतारावर चालतात. 7 सेंमी तोंडाचे दोन पेले एकात एक, कड जमिनीशी तंतोतंत, वर तीन खड्यांवर टेकलेला सपाट दगड. कडेपाशी 3 मिमी फट राहिली तरी कोळी पेल्याच्या बाहेरून खाली उतरतो. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. एथिलीन ग्लायकॉल नको, ते गोड आणि विषारी असतं आणि चरणारी गुरं ते पितात. खऱ्या घसाऱ्यात माती नसल्याने हा पेला बसतच नाही. तिथे 11 सेंमी व्यासाची पीव्हीसी नळी, बाजूंना 10 मिमीची भोकं, आत तळाशी पेला, आणि सगळं 40-50 सेंमी खोल. भोकं 5-6 मिमीची पाडली की लहान कोळी येतात, हीरी बाहेर राहतो. बर्फ वितळताना नळीत पाणी भरतं, म्हणून जूनमधला माल रिकामा निघाला तर ‘कोळी नाही’ असं लिहू नका, ‘नळी बुडाली’ लिहा.

जाताजाता : एव्हरेस्टवर 6700 मीटरपर्यंत गेलेला कोळी या कामात ओढू नका. हिंग्स्टनने 1924 च्या मोहिमेत नोंदवलेला तो उड्या मारणारा, कुळच वेगळं.

ओळख पटवायला फोटो पुरत नाही. ड्रासोडीस लॅपिडोसस आणि ड्रासोडीस क्युप्रियस या त्याच कुळातल्या जोडीत मादी तर भिंगाखालीही दगा देते. कुळापर्यंत मात्र फोटो नेतो : शेपटाकडच्या सूत काढणाऱ्या दोन लांब, सुट्या, समांतर नळ्या आणि मागच्या ओळीतले मधले दोन तिरपे, चपटे डोळे. क्युप्रियसमध्ये 1999 साली दाखवून दिलं गेलं की हे डोळे चित्र बघायचे नाहीतच, तिन्हीसांजेच्या आकाशातला ध्रुवित (एकाच दिशेत कंपणारा) प्रकाश ओळखून बिऱ्हाडाची दिशा धरायचे आहेत. फ्लॅशमध्ये ते पांढरे चमकतात, त्यामुळे एक फोटो वरून, फ्लॅश लावून घ्यावाच. पिल्लांची नोंद ‘ड्रासोडीस किंवा ड्रासोडेक्स, वयात न आलेला’ अशीच ठेवलीये. असल्या ओळी नकाशावर पोकळ वर्तुळाने येतील.