डाइव्ह करताना टॉर्च कुठे बाळगावा: माझा अनुभव

मालवणच्या समुद्रात भर दुपारी डाइव्ह करायला टॉर्च कशाला हवा, असे माझ्या सासऱ्यांनी विचारले होते आणि प्रश्न रास्त होता. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे 10 मीटरच्या आसपास लाल आणि नारिंगी वस्तू करड्या दिसू लागतात, आणि खडकांच्या कपारींमध्ये तर दिवसाही काही दिसत नाही. टॉर्चचा झोत जवळून पडला की तेच रंग परत दिसतात. टॉर्च निवडायला मला फारसा वेळ लागला नाही. पाणी गढूळ असेल तेव्हा रुंद झोत तरंगत्या कणांवरून परत डोळ्यांवर येतो, म्हणून अरुंद झोताचा टॉर्च घेतला. तो पाण्याखाली कुठे आणि कसा बाळगायचा, हे ठरवण्यात मात्र पुष्कळ वेळ गेला.

अडचण हातांची आहे. खाली उतरताना एका हाताने नाक दाबून कानांतला दाब सोडवायचा असतो आणि दुसऱ्या हातात बीसीडीची, म्हणजे पाण्यात तरंगणे सांभाळण्यासाठी अंगात घालतात त्या हवेच्या जॅकेटची, हवा कमी-जास्त करणारी नळी असते. टॉर्चसाठी तिसरा हात नसतो. म्हणजे वापरात असताना बोटे मोकळी राहतील आणि वापरात नसताना टॉर्च अंगालगत बसेल, अशा दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेने साधायला हव्यात. शिवाय धातूचा टॉर्च हातातून सुटला की सरळ तळाला जातो, आणि गढूळ पाण्यात तो पुन्हा सापडण्याची आशा फार ठेवू नये.

टॉर्चबरोबर मनगटात अडकवायची दोरी आली होती. बहुतेक जण तीच वापरतात आणि टॉर्च हरवू नये एवढ्यापुरती ती पुरेशीही आहे. पण टॉर्च सोडला की तो मनगटाखाली लोंबकळतो, प्रवाळावर आपटतो आणि झोत भलतीकडेच फिरत राहतो. आमच्या प्रशिक्षकांचा आक्षेप याहून गंभीर होता. दोरी कुठे अडकली तर तिच्याबरोबर हातही अडकतो, त्यामुळे ती एका झटक्यात सोडवता येत नसेल तर मनगटात घालूच नये, असे त्यांनी सांगितले. स्प्रिंगने आत ओढल्या जाणाऱ्या दोरीचे रिट्रॅक्टरही मी हाताळून पाहिले. वाळू आणि मीठ आत गेले की ते अडतात, आणि लांब सुटलेली दोरी ही आणखी एक अडकण्याची जागा होते, म्हणून तो पर्याय मी लगेच सोडला.

उरला बोल्ट स्नॅप, म्हणजे अंगठ्याने खिट्टी मागे ओढल्याशिवाय न उघडणारा हूक. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो साधारण तसाच. ट्रेकमधले कॅराबिनर माझ्याकडे घरात होते, पण त्यांचे तोंड बाहेरून दाब पडला की आत उघडते, त्यामुळे एखादी दोरी किंवा मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा आपोआप त्यात शिरू शकतो. ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी बोल्ट स्नॅप मागितला, तेव्हा दुकानदारांनी आधी चकचकीत मुलाम्याचा काढला आणि मग स्वतःच म्हणाले, “ताई, समुद्रासाठी हा नको, गंज खाईल.” मग 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा हूक त्यांनी मागवून दिला. आपल्याकडच्या उबदार पाण्यात मी हातमोजे घालत नाही, म्हणून लहान आकाराचा हूक पुरला. जाड मोजे घालणाऱ्यांनी मोठी खिट्टी असलेला घ्यावा.

हा हूक टॉर्चच्या मागच्या टोकाला धातूच्या कडीने जोडायचा मोह होतो, पण तसे करू नये. मी पातळ विणीव नायलॉन दोरीचे चार वेढे हुकाच्या डोळ्यातून आणि टॉर्चच्या भोकातून घेतले, मधल्या भागावर तीच दोरी गुंडाळली, गाठ घट्ट ओढली आणि टोके मेणबत्तीवर वितळवून बसवली. यामागचे कारण असे, की हूक अडकून बसला तर दोरी सुरीने कापून मोकळे होता येते, आणि धातूची कडी मात्र पाण्याखाली कापता येत नाही. हूक आणि टॉर्च यांच्यामध्ये बोटभरच अंतर ठेवले, कारण दोरी जितकी लांब तितका टॉर्च जास्त हेलकावतो.

हातासाठी मी तळहाताभोवती बसणारा मऊ पट्टा घेतला, ज्यात टॉर्च पंजाच्या मागच्या बाजूला राहतो. तो डाव्या हातावर घातला, म्हणजे उजवा हात पूर्ण मोकळा राहतो आणि डाव्या हाताची बोटेही नळीची बटणे दाबू शकतात. ठाण्यातल्या तरणतलावात सरावाच्या वेळी एक गोष्ट लक्षात आली, जी कोरड्या जमिनीवर सुचली नसती: हवा सोडण्यासाठी नळी वर धरली की झोत थेट जोडीदाराच्या डोळ्यांत जातो. म्हणून वर येताना टॉर्च आधी बंद करून छातीच्या उजव्या बाजूच्या कडीला अडकवायचा, असा क्रम मी ठरवला आणि डोळे मिटून त्याचा सराव केला. तोंड खाली करून लटकणारा टॉर्च हलू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे कापलेले कडे खांद्याच्या पट्ट्यावर चढवले आणि टॉर्चचे पुढचे टोक त्यात खोचले.

मालवणला बीसीडी भाड्याने घ्यावी लागते आणि प्रत्येक जॅकेटच्या कड्या वेगळ्या जागी असतात, काही तर प्लास्टिकच्या. त्यामुळे बोटीवर चढण्यापूर्वीच कड्या तपासते आणि ट्यूबचे कडे चढवते. जुळले नाही तर जॅकेट बदलून मागते. टॉर्च हातात असल्यामुळे इशारेही झोतानेच होतात. तळावर गोल फिरवला तर सगळे ठीक, आडवा झपाझप हलवला तर संकट, हे उतरण्यापूर्वी जोडीदाराशी पक्के करून घ्यावे.

डाइव्हनंतर टॉर्च गोड्या पाण्यात भिजवून हुकाची खिट्टी पुन्हा पुन्हा ओढते, कारण मीठ स्प्रिंगमध्येच बसते. पूर्ण वाळल्याशिवाय टॉर्च उघडत नाही. अंदमानला विमानाने जाताना सुटे लिथियम सेल टोके झाकून केबिन बॅगेतच ठेवावे लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. पावसाळ्यात मालवणचे डाइव्हिंग बंद असते, तेवढ्यात नायलॉनची दोरी आणि ट्यूबचे कडे दोन्ही नवीन करून घेते.